यान थांबावे असा ठराव

मी पोटापाण्यासाठी युरेनसला जाण्याचे बेत करते. हे वाक्य कुणासमोर म्हटलं की माझेच कान गरम होतात, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच रॉकेट, धूर आणि टाळ्या वाजवणारी माणसं उभी राहतात. प्रत्यक्षात मी ठाण्यात कोलशेतला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात, दुसऱ्या मजल्यावर बसून तक्ते बनवते. कधीकाळी निघालंच तर एक यान कुठल्या दिवशी काय करील, किती वीज खाईल, कधी झोपेल, कधी उठून पृथ्वीकडे तोंड करील, याचे तक्ते. ते निघेल की नाही हे ठरवणारी माणसं वेगळ्या शहरात बसतात आणि त्यांना माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पुढे ते ठाऊक झालं, आणि कसं झालं ते आठवलं की मला अजून पाणी प्यावं लागतं.

बेताविषयी थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. युरेनसजवळून आजवर एकच यान गेलंय, आणि तेही थांबलं नाही. जाता जाता फोटो काढले आणि पुढे निघून गेलं. तिथलं ऊन इतकं फिकं की सौर पट्ट्यांचा उपयोग नाही. सोबत अणुबॅटरी न्यावी लागते आणि ती वर्षागणिक थोडी थोडी मंदावत जाते. यान जोरात धाडलं तर लवकर पोहोचतं, पण मग तिथे त्याला आवरता येत नाही. ग्रहाभोवती फिरत राहायचं असेल तर मुळातच बेताने जावं लागतं, आणि मग वाटेतच बारा-तेरा वर्षं जातात. निवड करणाऱ्या समितीपुढे असे दोन बेत होते. दुसऱ्या एका गटाचा बेत स्वस्त आणि चटपटीत होता, शेजारून जायचं, बघायचं आणि पुढे सटकायचं. आमचा थांबण्याचा होता. दोघांतला एकच पुढच्या फेरीत जाणार होता. आमच्या गटप्रमुख मॅडमची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि नोकरीची शेवटची सगळी वर्षं त्यांनी या एका बेतात घातली होती. मीही बरीच घातली होती. हा बेत गेला असता तर आमच्या हातात दाखवण्यासारखं काहीच उरणार नव्हतं.

माझे वडील वर्तकनगरला राहतात, मी डोंबिवलीत. बाबा एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर मी त्यांना आमच्याकडे या म्हणून पुष्कळ विनवलं, पण ते आले नाहीत. त्यांनी वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं सचिवपद घेतलं आणि त्यातच जीव रमवला. सकाळी हॉल उघडायचा, फळ्यावर सुविचार लिहायचा, इतिवृत्त लिहायचं, कुणाचा वाढदिवस, कुणाची शोकसभा, हे सगळं तेच बघत. त्यांच्या तोंडी कायम विषयपत्रिका आणि गणपूर्ती असले शब्द असत. मी चिडवायची की बाबा, तुम्ही भाजी आणायलासुद्धा आधी सूचना काढत असाल. ते हसत, पण त्यांना ते आवडायचं.

माझ्या कामाची ओळख मात्र त्यांच्या तोंडी दर भेटीला वाढत गेली. आधी मुलगी अवकाश संशोधनात आहे एवढंच होतं. मग मुलगी ग्रहांवर यानं पाठवते असं झालं. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले तर कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी भाजीवालीला सांगितलं की हिचं यान निघण्याच्या बेतात आहे. भाजीवालीने मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कुठे जाणार म्हणून विचारलं. मी बाबांची बाही ओढून त्यांना पुढे नेलं. घरी आल्यावर त्यांना समजावलं की असं सांगू नका, अजून काहीच मंजूर नाही. ते म्हणाले की प्रकरण प्रलंबित आहे म्हणजे नामंजूर नाही.

अशातच त्यांनी संघात माझं व्याख्यान ठेवलं. मला विचारलं नाही, फळ्यावर आधी लिहिलं आणि मग फोन केला. मी चरफडत गेले. रविवारी संध्याकाळी हॉल भरलेला होता. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, मग अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली. अध्यक्ष म्हणजे बाबांचे रोजचे फिरायला जायचे सोबती, सगळे त्यांना काका म्हणतात. ओळखीत मला न मिळालेली दोन बक्षिसं होती. बाबा कोपऱ्यात वही घेऊन बसले होते आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, इतके खूश होते.

बोलायला लागल्यावर मात्र मला मजा येऊ लागली, हे खरं आहे. माझ्या तक्त्यांत इतका रस आजवर कुणी घेतला नव्हता. युरेनस आडवा पडून फिरतो म्हटल्यावर एका आजोबांनी त्याची कंबर धरली असणार असं निदान केलं. तिथलं एक वर्ष म्हणजे आपली चौऱ्याऐंशी वर्षं, हे सांगितल्यावर हॉलमध्ये कुजबुज झाली आणि ज्यांची ज्यांची चौऱ्याऐंशी उलटली होती त्यांनी हात वर केले. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, इतकी वर्षं ते यान वाटेत करणार काय? मी म्हटलं, झोपणार. अधूनमधून उठून मी बरं आहे एवढा निरोप पाठवणार आणि परत झोपणार. आजी म्हणाल्या, म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या चिरंजीवांसारखंच की. सगळा हॉल हसला, मीही हसले.

मग कुणीतरी तारीख विचारली. कधी निघणार? मी खरं ते सांगितलं. अजून ठरलेलं नाही, दोन बेत समितीपुढे आहेत, आमचा थांबायचा आहे, दुसरा न थांबता जायचा, निर्णय व्हायचा आहे. हॉल एकदम थंड पडला. त्यांना वाटलं होतं की यान उभं आहे, फक्त काडी लावायची बाकी आहे. मी बाबांकडे पाहिलं तर ते वहीत डोकं घालून बसले होते. तेव्हा काका उठले आणि म्हणाले, एवढ्या लांब जायचं आणि थांबायचं नाही, हा कुठला शहाणपणा? संघाने याला पाठिंबा द्यायला पाहिजे. मी ठराव मांडतो. बाबांनी अनुमोदन दिलं. सगळे हात वर झाले, ठराव एकमताने मंजूर झाला, आणि मग बटाटेवडे आले.

मला ती गंमत वाटली. ऑफिसात मी ती चहाच्या वेळी सांगितली आणि सगळे खळखळून हसले. पण या माणसांनी असल्याच ठरावांवर बसथांबा हलवला होता, हॉलमागचा नाला बांधून घेतला होता, पाणी सोडायची वेळ बदलून घेतली होती. ठराव केला की निवेदन जातं, निवेदन गेलं की पाठपुरावा होतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. नाल्याच्या कामाचा जसा पाठपुरावा केला तसाच त्यांनी युरेनसचा केला. समितीचा पत्ता बाबांनी स्वतः शोधला. निवेदन रजिस्टर पोस्टाने गेलं, खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, काही थरथरत्या, दोन अंगठेसुद्धा. मला यातलं काही कळवलं नाही. काम झालं की मुलीला एकदम आनंद होईल, असा त्यांचा हिशेब होता.

समितीची बैठक पडद्यावर होती. आम्ही कोलशेतच्या आमच्या खोलीत बसलो होतो, समोर समितीचे पाच-सहा चेहरे, आणि एका चौकोनात दुसरा गट. मॅडमनी बेत मांडला, उत्तम मांडला. मग समितीचे अध्यक्ष म्हणाले की एक पत्र आलंय, मराठीत आहे, ठाण्याहून आलंय एवढं कळतंय, तुमच्यापैकी कुणी वाचून सांगेल का? त्यांनी पत्र पडद्यावर आणलं. मी अक्षर ओळखलं. बाबांचं अक्षर मोत्यासारखं आहे, आजही. आमच्या खोलीतले बाकी सगळे बाहेरच्या राज्यांतले, मराठी वाचणारी मी एकटी होते, त्यामुळे वाचावं मलाच लागलं.

मी एकेक वाक्य वाचून त्याचं इंग्रजी करत गेले. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदरहू यान युरेनस ग्रहापाशी थांबणे जनहितार्थ आवश्यक आहे. इंग्रजीत ते आणखीच विचित्र झालं. दुसऱ्या गटाच्या चौकोनात कुणीतरी तोंडावर हात ठेवला. पुढे लिहिलं होतं की न थांबता जाणाऱ्या यानामुळे ज्येष्ठ नागरिकांत नाराजीची भावना आहे. आता सगळेच हसायला लागले आणि मीही हसले. मी फक्त हसलेच नाही, तर पुढची दोन वाक्यं जरा घोळवून, सरकारी सुरात, हशा मिळेल अशीच वाचली. मला त्या पत्रापासून लांब उभं राहायचं होतं. त्या खोलीत मी हसणाऱ्यांपैकी आहे हे दिसायला हवं होतं. संघाच्या एका सभासदाची कन्या या बेतावर काम करते, असं वाक्य आलं तेव्हा ते सोंगही संपलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

शेवटचा परिच्छेद उरला होता. यान पोहोचेल तेव्हा आम्हां सह्या करणाऱ्यांपैकी बहुधा कोणी हयात नसेल याची सभेस पूर्ण जाणीव आहे, तरी आमच्या पश्चात का होईना, ते तिथे थांबावे, घाईने पुढे जाऊ नये, अशी विनंती आहे. हे मी कसंबसं सांगितलं. हसणं थांबलं होतं. मला मान वर करवेना.

समितीचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले की पत्र सुंदर आहे, पण नियमाप्रमाणे बेत मांडणाऱ्या कुणालाही बाहेरून वजन आणता येत नाही, आणलं तर बेत बाद होतो. दुसऱ्या गटाने लेखी हरकत घ्यायची तयारी दाखवली, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की त्या संघाने आठवड्याच्या आत निवेदन मागे घ्यावं आणि आमच्या गटाने ते मागितलं नव्हतं असं स्पष्ट लिहून द्यावं, तर आमचा बेत राहील. पडदा बंद झाल्यावर मॅडमनी फक्त पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तशीच रिक्षा करून वर्तकनगरला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं आणि दारातच ते सगळं बोलले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, हा काय नाला आहे का, लोक हसले मला, मॅडमच्या इतक्या वर्षांच्या कामावर पाणी पडतंय. बाबा उभे होते ते खुर्चीत बसले. त्यांनी एकदाच विचारलं, लोक हसले? मी म्हटलं, हो. मीही हसले होते हे मी सांगितलं नाही.

मग त्यांनी चष्मा लावला आणि नेमकं काय लिहून हवंय ते विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सचिव आहात, दोन ओळी लिहून सही करा, झालं. त्यांना ते पटेना. ठराव सभेने केलाय, तो सभेनेच मागे घ्यायला हवा, सचिवाला तो अधिकार नाही. आणि मुलीने सांगितलं नव्हतं असं म्हटलं की ते विचारणार, मग कुणी सांगितलं? कागदावर कुणाचं तरी नाव लागतं, मोघम लिहून चालत नाही. सगळ्या संघाला दोष कसा द्यायचा, म्हातारी माणसं आहेत, असं ते स्वतःशीच बोलत होते. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. मी आत जाऊन चहा टाकला.

बाहेर आले तेव्हा मसुदा तयार होता. सचिवांनी अधिकार नसताना, सभासदांची दिशाभूल करून, केवळ कौटुंबिक मोहापोटी सदर निवेदन पाठवले, त्यास संघाची संमती नव्हती, सबब निवेदन मागे घेण्यात येत आहे आणि सचिवांचा राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. मी ते उभ्यानेच वाचलं. यातलं काहीच खरं नव्हतं. ठराव काकांनी मांडला होता, हात सगळ्यांनी वर केले होते, दिशाभूल कुणाचीच झाली नव्हती. मला हेही कळत होतं की समितीला यापेक्षा चांगलं पत्र मिळणार नाही. मी बाबांना म्हटलं, गटाला याची कल्पना नव्हती हे वाक्य राहिलंय, तेवढं वर घ्या. त्यांनी ते वर घेतलं. राजीनाम्याच्या ओळीबद्दल मी काहीच बोलले नाही.

सहाव्या दिवशी विशेष सभा भरली. मी शेवटच्या रांगेत बसले. पत्राची सही-शिक्क्याची प्रत मला तिथूनच हातात घेऊन स्कॅन करायला जायचं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. विषयपत्रिकेवर एकच विषय होता. त्यांनी उभं राहून स्वतःविरुद्धचा ठराव स्वतःच वाचला, शोकसभेत वाचतात तशा एका सुरात, कुठेही न अडखळता. दिशाभूल हा शब्द आला तेव्हा काका खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, अहो, ठराव तर मी मांडलेला. बाबांनी हाताने त्यांना बसायची खूण केली आणि पुढे वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, सूचक मी स्वतः आहे, अनुमोदक कोण?

कुणीच बोललं नाही. चिरंजीव अमेरिकेत असलेल्या त्या आजी मांडीवरच्या पिशवीचे बंद बांधत-सोडत बसल्या. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी दाराकडे. अनुमोदक नसेल तर ठराव बारगळतो, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना पाठ होतं. ती माणसं बाबांना वाचवत होती. आणि मी मागे बसून घड्याळ बघत होते, कारण मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. बाबांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला, आणि सचिवाच्या नाही, घरच्या आवाजात म्हणाले,

"अहो, द्या की कुणीतरी. मुलीचं काम अडलंय."

काकांनी बसल्या जागेवरूनच हात वर केला. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. मग एकेक करून बाकीचे हात वर झाले. बाबांनी ते मोजले, कारण मोजायचं काम सचिवाचं, आणि सभा संपेपर्यंत सचिव तेच होते. ठराव एकमताने मंजूर, असं त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, सही केली, शिक्का मारला, शिक्क्याची डबी आणि हॉलची किल्ली काकांपुढे ठेवली. वडे नव्हते. लोक एकमेकांशी न बोलता चपला शोधत होते.

पत्र वेळेत पोहोचलं. आमचा बेत राहिला आणि महिनाभराने पुढच्या फेरीत गेला. मॅडमनी ऑफिसात पेढे वाटले आणि मला मिठी मारली. बाबांना फोन केला तेव्हा त्यांना खरोखर आनंद झाला. थांबणारं ना, एवढंच त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. हॉल आता दुसरे गृहस्थ उघडतात. बाबा म्हणे संध्याकाळी जातात, मागे बसतात आणि विषयपत्रिकेत चूक दिसली तरी बोलत नाहीत. काकांनी त्यांना परत घ्यायचं काढलं होतं, पण ठरावाने गेलेला माणूस असा परत येत नाही, असं त्यांनीच काकांना समजावलं.

त्या सभेत मी हसले नव्हते, कुणाला काही बोललेही नव्हते, त्यामुळे सांगण्यासारखा माझा काही अपराध नाही. लोक मला हेच सांगतात, तू काय करणार होतीस, तू तर सभासदसुद्धा नव्हतीस. खरं आहे, मी सभासद नव्हते. पण बाबा तिसऱ्यांदा विचारत होते आणि हॉल गप्प होता, तेव्हा माझा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता. मी सभासद असते तर अनुमोदन मीच दिलं असतं.